आठाचे सहा

आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन अमेरिकेतल्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं ते हेन्री फोर्डने, १९३२ साली. ऐन मंदीत, लोकांना हाता-तोंडाची गाठ घालणं अवघड झालेलं असताना, या हट्टी म्हाताऱ्याने ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ स्वस्तातल्या गाडीत बसवून विकायला काढलं. तोवर आठ सिलिंडर ही कॅडिलॅकवाल्यांची मिजास होती. तीच पुढे शेतकऱ्याच्या, सुताराच्या, प्लंबरच्या पिकअपमध्ये उतरली. राबणारा माणूस बराच काळ साध्या सहा सिलिंडरवरही खूश होता. फोर्डच्या पिकअपमध्ये १९८५ सालीही सहावाले आठवाल्यांना भारी होते. मग १९८६ मध्ये तेलाचे भाव गडगडले, गॅलनला डॉलरही मोजावा लागेना, आणि कामाचा पिकअप हळूहळू घरातली मुख्य गाडी होऊन बसला. पुढची पंचवीस वर्षं व्ही-८ची. स्वतःच्या पैशाने पिकअप घेणारा आठाखाली उतरत नसे. उतरायचा तो नगरपालिकेचा खरेदी अधिकारी.

व्ही-८ला या मुलखातून हुसकावायला पुढे झाली तीही फोर्डच. आणि प्रयोग केला तो एखाद्या कोपऱ्यातल्या मॉडेलवर नाही, तर जिच्यावर कंपनीचं पोट चालतं त्या एफ-सिरीजवर, १९७७ पासून अमेरिकेत सर्वांत जास्त खपणाऱ्या पिकअपवर. हे धाडस हौसेचं नव्हतं. २००७ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ऊर्जा कायद्यावर सही केली आणि २०२० पर्यंत नव्या गाड्यांची सरासरी गॅलनला ३५ मैलांवर, म्हणजे लिटरला जवळपास १५ किलोमीटरवर नेण्याचं बंधन आलं. पुढच्या जुलैत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. पिकअपचा खप धाडकन बसला. त्याच वर्षीच्या जानेवारीत, डेट्रॉइटच्या मोटार शोमध्ये, फोर्डने ‘इकोबूस्ट’ जाहीर केलं होतं: लहान इंजिन, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोलचा फवारा, आणि जोडीला टर्बो. हेच तंत्र आदल्या वर्षी लिंकनच्या एका प्रदर्शनी गाडीवर ‘ट्विनफोर्स’ म्हणून मिरवलं होतं. वर्षभरात ताकदीची जाहिरात मागे पडून काटकसरीची पुढे आली, यात नवल नाही.

टर्बो स्वतः काही नवा नव्हता. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूशीने १९०५ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. कल्पना सोपी आहे. जळालेल्या इंधनातली साधारण तिसरा हिस्सा उष्णता सायलेन्सरवाटे फुकट जाते. त्या तापलेल्या धुराच्या वाटेत एक चाक बसवायचं, ते फिरलं की त्याच दांड्यावरचं दुसरं चाक फिरतं, आणि ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. अमेरिकेत याची पहिली गाजलेली परीक्षा १९१८ साली झाली. जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस विमानाचं लिबर्टी इंजिन एका ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या १४,००० फुटांवरच्या माथ्यावर घेऊन गेला. खाली साडेतीनशे हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ते पुन्हा साडेतीनशेच्या पुढे गेलं. म्हणजे ट्रकच्या बॉनेटखाली जाण्याच्या कितीतरी आधी टर्बो ट्रकच्या हौद्यात बसून डोंगर चढला होता.

पेट्रोलच्या गाड्यांत मात्र त्याने बराच काळ छळलं. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर घ्या. साडेतीन लिटरचं इंजिन, टर्बो, २१५ हॉर्सपॉवर. दाबलेली हवा तापते, तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि इंजिनात ठोके पडू लागतात. ते टाळायला कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये सोडायची सोय केली, त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं झोकदार नाव दिलं, आणि ते बाटलीतून वेळोवेळी भरायचं काम मालकावर सोपवलं. मालक विसरले. हे अगदी अपेक्षित होतं. गाडीत पाणी घालायला विसरणारी माणसं जगात सगळीकडे सारखीच. शेवटी १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची योजना काढली.

पिकअपमध्ये टर्बो खऱ्या अर्थाने रुजला तो डिझेलच्या वाटेने. १९८९ मध्ये डॉजने आपल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल बसवलं. इंजिन मुळात शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी, मध्यम ट्रकांसाठी बनवलेलं. पाचशे किलोच्या घरातलं धूड. हॉर्सपॉवर फक्त १६०, पण टॉर्क, म्हणजे चाक पिळून ओढण्याचा जोर, ४०० फूट-पाउंड, आणि तोही १,७०० फेऱ्यांवर, इंजिन जेमतेम गुरगुरत असताना. मागे पडलेल्या डॉजला या एका इंजिनाने मान मिळवून दिला. डिझेलला टर्बो मानवतो याची कारणं त्याच्या स्वभावात आहेत: तिथे हवा अडवणारी झडप नसते, आणि आत येते ती नुसती हवा, त्यामुळे ती कितीही दाबली तरी इंधन अवेळी पेटण्याचा प्रश्न नाही. काटकसर आणि जोर एकाच वेळी हाती लागतात. कमिन्स हे नाव पुणेकरांना नवं नाही. किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली पुण्यात स्थापन झाली. रॅममधल्या त्या इंजिनाची भावंडं पुढे टाटा-कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यात बनू लागली आणि टाटाच्या ट्रकांतून आपल्या घाटांत राबली.

पेट्रोल टर्बोचा पिकअपही एकदा येऊन गेला होता. १९९१ चा जीएमसी सायक्लोन, ४.३ लिटर, २८० हॉर्सपॉवर. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने त्याला फेरारी ३४८ शेजारी उभं केलं आणि पाव मैलाच्या शर्यतीत पिकअप पुढे गेला. पण या वाघाच्या हौद्यात वजन घालायची परवानगी होती ५०० पाउंड, म्हणजे सव्वादोनशे किलो; ट्रेलर ओढण्याचं तर नावच नको. तीन हजारांच्या आत नग निघाले आणि प्रकरण मिटलं. गवंडी, सुतार, गुरं पाळणारे यांच्या मनात एवढं मात्र पक्कं झालं, की पेट्रोलचा टर्बो हा पोरखेळ आहे.

फोर्डला हा समज मोडायचा होता, आणि तो मोडायला त्यांनी जे केलं ते अमेरिकन जाहिरातबाजीतलं एक नमुनेदार प्रकरण आहे. क्लीव्हलँडच्या कारखान्यातून साडेतीन लिटरचं एक इकोबूस्ट इंजिन उचललं. आधी त्याला प्रयोगशाळेत ३०० तास रगडलं. मग ते एका एफ-१५० मध्ये बसवून ट्रक ओरेगॉनच्या जंगलात लाकडाचे ओंडके ओढायला पाठवला. तिथून फ्लोरिडातल्या होमस्टेडच्या शर्यतीच्या धावपट्टीवर: मागे ट्रेलर, ट्रेलरवर शर्यतीच्या दोन गाड्या, एकूण ११,३०० पाउंड, म्हणजे पाच टनांच्या वर. हे लटांबर घेऊन ट्रक २४ तास गोल गोल फिरला आणि १,६०७ मैल धावला. पुढे ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर ९,००० पाउंडांचा ट्रेलर लावून शेव्हरोले आणि रॅमच्या व्ही-८ पिकअपना मागे टाकलं. आणि एवढ्यावर न थांबता तेच इंजिन २०१० च्या नोव्हेंबरात मेक्सिकोतल्या बाहा १००० या वाळवंटी शर्यतीत उतरवून, शर्यत पुरी करून आणलं.

२०११ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या शोमध्ये त्याचा जाहीर पंचनामा झाला. समोर गर्दी, वर मंच, आणि मेकॅनिक एकेक झाकण उघडून आतला माल बाहेर काढून मांडतायत: पिस्टन, बेअरिंग, टायमिंगची साखळी, टर्बोची बोटभर पात्यांची चाकं. लोक वाकून वाकून बघत होते. गॅरेजमध्ये स्वतःचं इंजिन उघडलं की मालक ज्या नजरेने बघतो, तीच ही नजर. सिलिंडरच्या भिंती शाबूत, साखळी शाबूत. टर्बो नाजूक असतो ही समजूत त्या मंचावर बरीचशी गळून पडली.

ही सगळी परीक्षा दमाची आणि ओढीची होती. पेट्रोलच्या हिशेबाची नव्हती. आणि माझ्या मते या सबंध इतिहासाची मेख इथेच आहे. टर्बो पिकअप विकला गेला काटकसरीच्या नावाने, पण घेणाऱ्याने घेतला तो जोरासाठी.

आकडे बघा. २०११ च्या एफ-१५० मध्ये पाच लिटरचं व्ही-८ मिळायचं: ३६० हॉर्सपॉवर, ३८० फूट-पाउंड टॉर्क, तोही ४,२५० फेऱ्यांवर. शेजारी साडेतीन लिटरचं इकोबूस्ट: ३६५ हॉर्सपॉवर, ४२० फूट-पाउंड, आणि तो फक्त २,५०० फेऱ्यांवर. हॉर्सपॉवरमधला फरक किरकोळ. पण ट्रेलर लावून सिग्नलवरून निघताना, किंवा चढाला लागल्यावर, व्ही-८ला गिअर खाली टाकून ओरडत वर जावं लागे तिथे इकोबूस्ट शांतपणे ओढत राही. डिझेलची चव पेट्रोलमध्ये, असं वापरणारे सांगत. आता मायलेज. सरकारी लेबलवर, मागची दोन चाकं चालवणाऱ्या मॉडेलसाठी, व्ही-८ शहरात १५ मैल, हायवेवर २१. इकोबूस्ट १६ आणि २२. एकूण सरासरी १७ विरुद्ध १८. वर्षाला १५,००० मैल गाडी फिरली तर बचत जेमतेम ५० गॅलन. आणि दुकानात सर्वांत कमी पिणारा पिकअप होता तो टर्बो नसलेला, ३.७ लिटरचा साधा व्ही-६: १७ आणि २३. ज्याला खरोखर पेट्रोल वाचवायचं होतं त्याच्यासाठी उत्तर तिथे ठेवलेलं होतं, स्वस्तही होतं.

तरी २०११ च्या उन्हाळ्याआधीच फोर्डने जाहीर केलं, की एफ-१५० मध्ये सहा सिलिंडरवाल्यांनी आठवाल्यांना मागे टाकलं आहे, १९८५ नंतर प्रथमच.

मग तक्रारी सुरू झाल्या. लेबलवर २२ आहेत, मला मिळतात सोळा. ट्रेलर लावला तर आठ-दहा, म्हणजे लिटरला चार किलोमीटर. फसवणूक म्हणावी तर तसं नव्हतं. अमेरिकेत मायलेज मोजतात ते रोलरवर, ठरलेल्या तालावर. शहराची चाचणी ही लॉस एंजेलिसमधल्या जुन्या ऑफिसवाल्यांच्या रस्त्यावरून बेतलेली: अकरा मैल, सरासरी वेग ताशी २१ मैल. हायवेची चाचणी दहा मैलांची, ताशी ६० मैलांच्या वर जातच नाही. २००८ च्या मॉडेलांपासून लेबलसाठी जास्त वेगाची, एसीची आणि थंडीतली अशा आणखी चाचण्या धरल्या जाऊ लागल्या. पण कंपनीच्या सरासरीचा कायदेशीर हिशेब अजून त्या दोन जुन्या तालांवरच चालतो. अशा हळुवार चालीत टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. इंजिन मग फक्त साडेतीन लिटरचं राहतं, आत घासणारे भाग कमी, हवा ओढायची मेहनत कमी, पेट्रोल कमी. रोलरवर टर्बो इंजिन वागतं ते सासरी दोन दिवस आलेल्या नव्या जावयासारखं.

घरी आल्यावर पाय दाबला, की टर्बो जागा होतो. मिनिटाला दीड लाखाच्या वर फेऱ्या घेणारं ते चाक दाबून हवा भरायला लागतं, आणि आता साडेतीन लिटरचं इंजिन पाच-सहा लिटरची हवा गिळतं. जितकी हवा तितकं पेट्रोल. यातून कुणाची सुटका नाही. वर आणखी एक दंड बसतो. जोरात ओढताना धूर इतका तापतो की टर्बोची पाती आणि झडपा जपायला संगणक मुद्दाम गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. ते जळत नाही, ते फक्त गार करतं. म्हणजे जेटफायरच्या बाटलीतल्या पाण्या-मिथेनॉलचं काम आता टाकीतलं पेट्रोलच करतं. मालकाला काही भरायला नको, पैसे तेवढे भरायचे.

ट्रेलर ओढण्याची परीक्षा उद्योगाने बनवली नाही असंही नाही. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेची जे-२८०७ नावाची पद्धत आहे आणि तिचा मुख्य पेपर म्हणजे तोच डेव्हिस डॅमचा चढ: अकरा-बारा मैल सलग, कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, वेग ठरलेल्या मर्यादेखाली पडू न देता. पूर्ण लादलेला ट्रक वर पोचला की जाहिरातीत लिहायचं, अमुक इतके पाउंड ओढतो. त्या चढात गॅलनला किती मैल गेले हे सांगायचं बंधन कुठेही नाही. ज्या देशात माणसं ओढण्यासाठीच पिकअप घेतात, तिथल्या लेबलवर ओढतानाचा आकडा नाही. मला ही गोष्ट कुठल्याही कंपनीच्या अतिशयोक्तीपेक्षा जास्त खटकते. आपण यावर फार हसू नये. कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेत आपल्या गाड्या ज्या तालावर चालतात त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, आणि शोरूममधला आकडा ऐकून घेतल्यावर ‘खरं ॲव्हरेज किती?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं.

याच काळात आपलीही एक गाडी त्या रोलरवर चढली होती. महिंद्राला अमेरिकेत पिकअप विकायचा होता: २.२ लिटरचं टर्बो डिझेल, चार सिलिंडर, ऑटोमॅटिक गिअर, टीआर-२० आणि टीआर-४० अशी नावं. जॉर्जियातल्या एका वितरकाने देशभर डीलर गोळा केले. गॅलनला ३० मैल, असं बोललं जात होतं, आणि चार डॉलरच्या पेट्रोलने पोळलेल्या माणसाला तेवढं पुरे होतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये सरकारी प्रमाणपत्र आलं. शहरात १९, हायवेवर २१. हायवेचा हा आकडा फोर्डच्या पाच लिटर व्ही-८ इतकाच. गाडी वजनदार, समोरून भिंतीसारखी उभी, वर प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा. टर्बो डिझेल झालं म्हणून वारा काही वाट देत नाही. तोवर वितरकाशी असलेला करारही फिसकटला होता, प्रकरण वकिलांकडे गेलं, आणि तो पिकअप अमेरिकेच्या दुकानात कधी लागलाच नाही.

फोर्डच्या वाट्याला वेगळंच दुखणं आलं. दाबून तापलेली हवा गार करायला टर्बोनंतर एक रेडिएटर असतो, इंटरकूलर. दमट हवेत, पावसात, हायवेवर बराच वेळ आरामात चाललं की त्याच्या आत पाणी साचायचं. मग ओव्हरटेक करायला पाय दाबला, की ते पाणी एकदम इंजिनात जाऊन गाडी गचके खायची, जोर निघून जायचा. ऐन ओव्हरटेकमध्ये. २०१३ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने चौकशी सुरू केली. फोर्डने डीलरांना दुरुस्तीच्या सूचना काढल्या. काही मालकांनी मात्र सूचनेची वाट पाहिली नाही. त्यांनी इंटरकूलरच्या तळाला ड्रिलने सुईएवढं भोक पाडलं, पाणी आपसूक गळून जावं म्हणून. कुठल्याही देशातल्या मेकॅनिकने हेच केलं असतं.

त्याच वर्षी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकाने लहान टर्बो इंजिनांच्या मोटारी रस्त्यावर तपासून सांगितलं, की यांचं मायलेज लेबलला पोचत नाही आणि मोठ्या साध्या इंजिनांपेक्षा त्या पुढेही नाहीत. तो रोख मोटारींवर होता, पण पिकअपवाल्यांनी माना डोलावल्या.

पण मागे फिरायची वाट बंद होती. २०१२ मध्ये ओबामा सरकारने २०२५ साठी गॅलनला ५४.५ मैलांचं लक्ष्य ठेवलं. फोर्डने मग दुसऱ्या बाजूने घाव घातला. २०१५ चा एफ-१५० ॲल्युमिनियमच्या बॉडीचा निघाला, ७०० पाउंडांपर्यंत हलका, आणि त्यात २.७ लिटरचं छोटं इकोबूस्ट: शहरात १९, हायवेवर २६. हा फायदा खरा होता, कारण वजन रोलरवरही कमीच असतं आणि रस्त्यावरही. २०१७ मध्ये साडेतीन लिटरचं इंजिन नव्याने बांधलं, दहा गिअरची पेटी आली, टॉर्क ४७० वर गेला. थेट फवाऱ्यामुळे आतल्या झडपांवर काजळी धरते म्हणून बाहेरून पेट्रोल सोडणारा जुना फवाराही परत जोडला. एका नव्या तंत्राची खोड मोडायला जुन्याला बोलवावं लागलं. २०१८ मध्ये फोर्डने एफ-१५० मध्ये तीन लिटरचं टर्बो डिझेल दिलं, हायवेवर चक्क ३० मैल. ज्या आकड्यासाठी दहा वर्षं आटापिटा चालला होता तो अखेर लेबलवर उमटला. गिऱ्हाइकांनी फार मनावर घेतलं नाही. तीन वर्षांत ते इंजिन यादीतून गेलं.

जनरल मोटर्स इतकी वर्षं व्ही-८ला धरून होती. हलक्या चालीत त्यातले काही सिलिंडर बंद ठेवायचे, हा त्यांचा मार्ग. २०१९ मध्ये त्यांनीही सिल्व्हराडोत २.७ लिटरचा चार सिलिंडरचा टर्बो दिला. शहरात २० आले, हायवेवर मात्र २३, म्हणजे शेजारच्या ५.३ लिटर व्ही-८च्या जवळपासच. टोयोटाने २०२२ मध्ये टंड्राचं ५.७ लिटरचं व्ही-८ काढून ३.४ लिटरचा जुळा टर्बो बसवला. इथे फरक ठसठशीत होता, शहरात १३ वरून १८. अर्थात जुना टंड्रा पिण्यात नावाजलेलाच होता आणि नव्याला गिअरही सहाऐवजी दहा मिळाले होते. पण टिकाऊपणाच्या ज्या ख्यातीवर लोक डोळे झाकून टोयोटा घेतात तिलाच धक्का बसला. कारखान्यात कातकामाचा चुरा इंजिनात राहून गेल्याने २०२४ मध्ये लाखभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. व्ही-८वाल्यांना उकळ्या फुटल्या. त्या फार टिकल्या नाहीत. २०२५ मध्ये जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८साठी सहा लाखांच्या आसपास गाड्यांची तशीच हाक निघाली.

राहता राहिला रॅम. त्याच्या मालक कंपनीने, स्टेलांटिसने, २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांच्या गाड्यांसाठी मायलेजच्या कायद्याखाली साडेतेवीस कोटी डॉलरचा दंड भरला होता. २०२५ च्या मॉडेलपासून रॅम १५०० मधून ५.७ लिटरचं हेमी व्ही-८ गेलं आणि तीन लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं, जुळ्या टर्बोचं ‘हरिकेन’ आलं. ४२० हॉर्सपॉवर, ४६९ फूट-पाउंड. हेमीचे ३९५ आणि ४१०. कागदावर तुलनाच नको. गिऱ्हाईक मात्र शोरूममध्ये येऊन विचारायचं ते हेमीचं, आणि खप घसरला. २०२५ च्या जूनमध्ये रॅमचे प्रमुख टिम कुनिस्किस यांनी हेमी परत आणत असल्याचं जाहीर केलं. बाजूला लावायला खास बिल्लाही काढला: मेंढ्याचं डोकं, अंगाला इंजिन, आणि नाव ‘निषेधाचं चिन्ह’.

त्यानंतर महिनाभरातच, ४ जुलैला, वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने मायलेजची सरासरी न पाळण्याचा दंड शून्य डॉलर केला. सरासरीचा नियम मात्र त्या कायद्याने पुस्तकातून काढला नाही. रॅमच्या यादीत आता दोन्ही इंजिनं शेजारी-शेजारी आहेत, सहावालं जास्त ताकदीचं आणि आठवालं जास्त आवाजाचं, आणि आठवाल्यासाठी लोक नोंदणी करतायत.